वंश, वशिला आणि विद्या : तिरुवैयारुच्या निमित्ताने

तंजावरचे नाव निघाले की मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकासमोर काही ठरावीक गोष्टी उभ्या राहतात : सरस्वतीमहाल ग्रंथालय, शहाजीराजांची नाटके, समर्थ संप्रदायाचे मठ, बृहदीश्वराच्या भिंतीवरील १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आणि मोडी दफ्तरे. या साऱ्यांविषयी आपण अभिमानाने लिहितो आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु त्या दफ्तरांच्या मागे एक कचेरी होती, त्या कचेरीत बसणारी माणसे होती, आणि ती माणसे तेथे कोणत्या वाटेने येऊन बसली होती हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. दक्षिणेतील मराठी माणसांच्या कर्तृत्वाची यादी करताना दिवाणांची नावे आपल्या तोंडी असतात. त्या दिवाणांच्या काळात दाराबाहेर उभे राहिलेल्यांची नावे मात्र आपल्या यादीत नसतात. नेमणुकीतील आप्तपक्षपात हा विषय शासनव्यवहाराचा आहे, साहित्याच्या अभ्यासकाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. माझे मत याच्या उलट आहे. विद्या कोणाच्या हाती राहते, ग्रंथ कोणाच्या हातून छापला जातो आणि अध्यापनाच्या आसनावर कोण बसतो, हे प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या बाहेरचे नाहीत.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘वशिला’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ साधन, कोणापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. त्या अर्थात निंदा नाही. मोठ्या माणसाच्या दारी सामान्य माणसाने जायचे तर मधे कोणी तरी हवा, ही समाजस्थिती त्या शब्दाने गृहीत धरली आहे. ‘वर्णी लागणे’ हा प्रयोग धार्मिक अनुष्ठानासाठी ब्राह्मणाची योजना करण्याच्या व्यवहारातून आलेला आहे. ‘उमेदवार’ म्हणजे आज निवडणुकीस उभा राहणारा किंवा नोकरीसाठी अर्ज करणारा. जुन्या कचेरीत मात्र उमेदवार म्हणजे आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर बिनपगारी राबणारा तरुण. या तिन्ही शब्दांत एकच गोष्ट सुचविली जाते : प्रवेश कोणीतरी द्यावयाचा असतो. तो मागण्याचा आपला हक्क आहे, या कल्पनेला आपल्या बोलीत घरगुती शब्द सापडत नाही. त्यासाठी आपण ‘पात्रता’, ‘निकष’, ‘गुणवत्ता’ असे पंडिती शब्द वापरतो. भाषेतील ही विषमता मला अर्थपूर्ण वाटते.

आता तिरुवैयारुकडे वळू. तंजावरच्या उत्तरेस थोड्याच अंतरावर, कावेरीच्या काठी वसलेले हे गाव. त्याच्या नावाचा अर्थ पाच पवित्र नद्यांचे स्थान, आणि तेथील देव पंचनदीश्वर. मराठी राज्याच्या अखेरच्या काळात येथे त्यागराज राहत होते. त्यांचा जन्म १७६७ चा आणि निधन ६ जानेवारी १८४७ चे. सरफोजी राजांनी, म्हणजे दुसऱ्या सरफोजींनी, त्यांना दरबारी बोलाविले आणि त्यांनी ते आमंत्रण नाकारले, ही कथा परंपरेने सांगितली जाते. ही कथा आपण राजाश्रयाच्या नकाराची म्हणून ऐकतो. माझ्या विवेचनाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे, आणि ती कथेची नसून इतिहासाची आहे. त्यागराजांना एकच कन्या होती. तिचा पुत्र निःसंतान वारला आणि त्यांचा वंश तेथे खुंटला. आज त्यागराजांचे संगीत आपण ऐकतो ते त्यांच्या वंशजांमुळे नव्हे, शिष्यांमुळे.

हे शिष्य कोण होते ते पाहण्यासारखे आहे. वालाजापेट वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्र समाजातील, म्हणजे विणकरांच्या समाजातील. अय्यमपेट्टैहून ते तिरुवैयारुस येत. गुरूच्या रचनांची जी हस्तलिखिते त्यांनी आणि त्यांचे पुत्र कृष्णस्वामी भागवतर यांनी सिद्ध केली, ती पुढे मदुरैच्या सौराष्ट्र सभेत जतन झाली आणि त्यागराजांच्या अभ्यासाचे ते एक प्रमुख साधन ठरले. उमयाळपुरमचे कृष्ण भागवतर आणि सुंदर भागवतर हे बंधू आणि तिल्लैस्थानम रामय्यंगार यांच्यापासून आणखी दोन परंपरा चालल्या. मानंबुचावडी वेंकटसुब्बय्यर हे मात्र त्यागराजांच्या नात्यातले होते. म्हणजे नातलग शिष्य झाला नाही असे नव्हे. पण मानंबुचावडींचे नाव आपण घेतो ते नात्यासाठी नव्हे. त्यांच्या हाताखाली महावैद्यनाथ अय्यर आणि पट्टणम सुब्रह्मण्य अय्यर तयार झाले म्हणून घेतो. नाते हा दोष नव्हे. नात्याच्या बळावर परीक्षा टाळली जाणे हा दोष. गायनाच्या विद्येत परीक्षा टाळता येत नाही. स्वर लागला की नाही हे समोर बसलेल्या प्रत्येकाला कळते. कचेरीच्या विद्येत ती सहज टाळता येते, आणि खरी अडचण तेथेच सुरू होते.

दक्षिणेत देशस्थ ब्राह्मणांची कचेरी कशी उभी राहिली याचा थोडा विचार अवश्य केला पाहिजे. कारण तिला सरसकट कटकारस्थान म्हणणे अन्यायाचे होईल. गोवळकोंडा, विजापूर, अर्काट आणि तंजावर या सत्तांच्या महसुली कारभारात मराठी जाणणारे हिशेबनीस पिढ्यान्‌पिढ्या होते. इंग्रज कंपनीने मद्रास इलाखा हाती घेतला तेव्हा कित्येक जिल्ह्यांत जमाबंदीचे हिशेब मराठीत चालत होते. मोडी लिपी, जमीनमोजणीची परिभाषा, गावोगावच्या बाबींची माहिती ही विद्या कोणत्याही शाळेत शिकविली जात नव्हती. ती शिकण्याची जागा एकच, कचेरीतल्या मामाच्या किंवा चुलत्याच्या शेजारची बैठक. भाचा उमेदवार म्हणून बसे, नकला करी, हळूहळू हिशेब करू लागे, आणि जागा रिकामी झाली की तयार माणूस म्हणून त्याचीच वर्णी लागे. शिवाय लाखोंचा वसूल ज्याच्या हातून जायचा तो माणूस विश्वासाचा हवा, आणि त्या काळी विश्वासाला तारण नात्याचेच होते. अशा रीतीने ज्ञान आणि विश्वास या दोन्ही खऱ्या गरजा नात्यातून भागत होत्या.

परंतु सोयीतून निर्माण झालेल्या गोष्टीची मिरास व्हायला वेळ लागत नाही. गुंटूर जिल्ह्याच्या १७८८ ते १८४८ या कालखंडाचा रॉबर्ट फ्रायकनबर्ग यांनी लिहिलेला इतिहास १९६५ साली प्रसिद्ध झाला. हुजूर कचेरीतील सगेसोयऱ्यांचे जाळे इंग्रज कलेक्टरालाही कसे अंधारात ठेवू शकत होते, हे त्यात सविस्तर दाखविले आहे. १८४६ सालच्या वॉल्टर एलियट यांच्या चौकशीने त्या जाळ्यावर प्रकाश पडला. नेल्लोर जिल्ह्यात तर महसूल खात्यात एकाच घराण्यातील ४९ ब्राह्मण आढळले, असे या काळाचे इतिहासकार नमूद करतात. १८५० नंतरच्या दशकाच्या आरंभी मद्रासच्या महसूल मंडळाने आपला १२८ क्रमांकाचा स्थायी आदेश काढला. जिल्ह्यातील जागा मोजक्या वजनदार घराण्यांच्या हाती एकवटू नयेत आणि प्रमुख जागा निरनिराळ्या जातींत विभागल्या जाव्यात, असा त्याचा आशय होता. नोकरीतील जातिनिहाय विभागणीचा हा दक्षिणेतील आरंभबिंदू मानला जातो. हा विचार एखाद्या समाजसुधारकाच्या व्यासपीठावर जन्मला नाही. भाचेपुतण्यांनी भरलेल्या कचेरीने सरकारची अडचण केली, म्हणून तो जन्मला. आणि त्या भाचेपुतण्यांत मराठी बोलणारे पुष्कळ होते. ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात येत नाही.

आदेशाने काय साधले? घराणे मोडले असेल, पण वर्तुळ मोडले नाही. १९१६ च्या ब्राह्मणेतर जाहीरनाम्यात जी आकडेवारी दिली होती तीवरून हे स्पष्ट होते : १९१३ साली इलाख्यातील १२८ कायम जिल्हा मुन्सफांपैकी ९३ ब्राह्मण होते. एका कुटुंबाऐवजी अनेक कुटुंबे आली. ती सारी त्याच थरातील होती. याचे कारण उघड आहे. कोणाला नेमू नये हे आदेशाने सांगितले, पण कसे नेमावे याची रीत त्याने घालून दिली नाही. नेमणारा हात तोच राहिला.

येथे दिवाणांचा प्रश्न येतो, आणि तो प्रामाणिकपणे सोडविला पाहिजे. राजा सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. म्हणजे तिरुवैयारुच्याच कावेरीकाठचा. त्यांचे चुलते वेंकटराव आणि वडील रंगराव हे दोघेही त्रावणकोरचे दिवाण झाले होते. माधवराव स्वतः त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांच्यानंतर इंदुरास त्यांचे बंधुवर्गातील आर. रघुनाथराव आले, याच गोतावळ्यातील टी. रामराव १८८७ ते १८९२ पर्यंत त्रावणकोरचे दिवाण होते. आणि माधवरावांचे पुत्र टी. आनंदराव १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे. ही नामावळी आपल्याकडे मराठी बुद्धिमत्तेचा पुरावा म्हणून दिली जाते. माधवरावांच्या योग्यतेविषयी शंका घेण्यास जागा नाही. त्रावणकोरचा कर्जबाजारी खजिना त्यांनी सावरला, आणि मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीनंतर १८७५ साली विस्कटलेले बडोदे त्यांनी पुन्हा बसविले. तेव्हा एखादा वाचक विचारील : माणूस एवढा लायक असेल तर तो कोणाचा मुलगा होता याला काय महत्त्व?

या प्रश्नाचे उत्तर माधवरावांकडे पाहून मिळत नाही. ते बाहेर उभ्या असलेल्यांकडे पाहून मिळते. ११ जानेवारी १८९१ रोजी त्रावणकोरच्या महाराजांना एक अर्ज सादर झाला. त्यावर १०,०२८ सह्या होत्या. ‘मलयाळी मेमोरियल’ या नावाने तो इतिहासात ओळखला जातो. संस्थानातील वरच्या जागा परप्रांतीय ब्राह्मणांच्या हाती गेल्या आहेत, त्या राज्यातील लोकांना मिळाव्यात, ही त्यातील मुख्य मागणी. त्या वेळी दिवाणपदावर टी. रामराव होते, म्हणजे तंजावरी मराठी घराण्यातील पुरुष. अर्जावर सही करणाऱ्यांत डॉ. पल्पू होते. ते ईळव जातीचे; वैद्यकाची रीतसर पदवी घेतलेले. आपल्या राज्यात त्यांना नोकरी मिळाली नाही. म्हैसूर संस्थानात त्यांनी आयुष्यभराची सेवा केली. पुढे १८९६ साली ईळवांचा स्वतंत्र अर्ज झाला आणि त्यावर १३,१७६ सह्या पडल्या. पल्पूंच्या बाबतीत आड आली ती केवळ घराण्याची मक्तेदारी नव्हे. जातीचा निर्बंध त्याहून कठोर होता, हे मान्यच केले पाहिजे. पण दोन्ही भिंती एकाच वाड्याच्या होत्या. दिवाणाचा नातू होण्याची ज्याला शक्यता नव्हती, त्याच्या लायकीची परीक्षाच झाली नाही.

म्हणून मला असे म्हणावयाचे आहे की, पक्षपाताची हानी नेमलेल्या माणसाच्या नालायकीत मोजता येत नाही. नेमलेला माणूस उत्तम असू शकतो, पुष्कळदा असतोही. हानी असते ती न झालेल्या तुलनेत. माधवराव श्रेष्ठ होते हे आपण जाणतो, कारण त्यांना संधी मिळाली. त्यांच्या बरोबरीचे किंवा त्यांच्याहून सरस असे कोण होते हे आपण जाणत नाही आणि कधी जाणणारही नाही. ‘पण माणूस लायक आहे ना’ हा आपल्याकडे नेहमी दिला जाणारा जबाब म्हणूनच अपुरा आहे. तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतच नाही.

तिरुवैयारुच्या नंतरच्या इतिहासात हाच प्रश्न दोनदा उभा राहिला, आणि दोन्ही प्रसंग विद्येच्या क्षेत्रातील असल्यामुळे आपल्या विशेष चिंतनाचे आहेत. पहिला प्रसंग तेथील महाविद्यालयाचा. तंजावरच्या मराठी राजघराण्याने छत्रांसाठी, म्हणजे धर्मशाळा व अन्नसत्रांसाठी, जी दाने दिली त्यांच्या उत्पन्नातून येथे संस्कृत पाठशाळा चालत होती. मराठी राजांच्या पैशाने, तमिळ भूमीत, फक्त संस्कृत शिकविली जाई. तमिळ विद्वानाला तेथे आसन नव्हते. १९२४ ते १९३० या काळात ए. टी. पन्नीरसेल्वम तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. दान विद्येसाठी आहे, एका भाषेसाठी नाही, ही भूमिका घेऊन त्या काळात तेथे तमिळचे अध्यापन सुरू करण्यात आले. जस्टिस पक्षाच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु एका धर्मादाय निधीवर एका वर्तुळाचा झालेला कब्जा उठविण्यासाठी मूळ हेतूकडे बोट दाखवावे लागले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. रूढी पुष्कळ वर्षे चालली की ती सनदेसारखी दिसू लागते. सनदेत काय आहे ते मग कोणी तरी जाऊन वाचावे लागते.

दुसरा प्रसंग आराधनेचा. उमयाळपुरम बंधूंनी १९०३ साली त्यागराजांच्या दुर्लक्षित समाधीची डागडुजी केली आणि पुढील काही वर्षांत वार्षिक उत्सवाला मोठे रूप आले. लवकरच त्यात ‘पेरिय कच्चि’ आणि ‘चिन्न कच्चि’, म्हणजे थोरला पक्ष आणि धाकटा पक्ष, असे दोन तट पडले. दोन्ही पक्षांचे पुढारी गुरुपरंपरेचा दाखला देत. कोणी गावे, केव्हा गावे हे पक्ष ठरवीत. आणि स्त्रियांनी गाऊ नये याविषयी मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नव्हता. बेंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतील विदुषी गायिकेने स्वतःची मिळकत खर्चून १९२१ पासून समाधीची जागा मिळविली, तेथे मंदिर उभारले, आणि तरीही तिला उत्सवात गाण्याची मुभा नव्हती. तेव्हा तिने स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास हे सारे पक्ष एकत्र आले आणि स्त्रियांचा प्रवेश मान्य झाला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला नागरत्नम्मांचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असते. प्रतापसिंह राजांच्या तंजावर दरबारातील कवयित्री मुद्दुपळनी हिचे ‘राधिकासांत्वनम्’ हे तेलुगू काव्य त्यांनी १९१० साली संपूर्ण स्वरूपात संपादून प्रसिद्ध केले. आधीच्या आवृत्तीत काव्याचा काही भाग गाळलेला होता. विद्वन्मान्य वर्तुळातून टीका झाली, १९११ साली सरकारने पुस्तकावर बंदी घातली, आणि ती १९४७ मध्ये उठली. समाधीपुढे कोणी गावे हे ठरविणारी वृत्ती आणि कोणाचे काव्य साहित्यात मोजावे हे ठरविणारी वृत्ती एकच असते. मराठी राजाच्या पदरी असलेल्या कवयित्रीचा हा इतिहास मराठीच्या अभ्यासक्रमात किती ठिकाणी शिकविला जातो, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवितो.

आता उपायाकडे. मद्रास इलाख्याने घराण्याविरुद्धचा आदेश, १९२१ चा जातवार प्रतिनिधित्वाचा पहिला शासननिर्णय, आणि अखेरीस १९२९ चा सेवा आयोग अशी वाट चालली. प्रांतिक पातळीवरचा हिंदुस्थानातील हा पहिला लोकसेवा आयोग. या वाटेचा अर्थ मला असा दिसतो की, केवळ वाटणीने भागत नाही आणि केवळ परीक्षेनेही भागत नाही. वाटणीमुळे दार रुंद होते. दारावरचा माणूस बदलत नाही. परीक्षेमुळे दारावरचा माणूस बांधला जातो. पण ज्याला अभ्यासाची संधीच मिळाली नाही तो दारापर्यंत येत नाही. दोन्ही हवीत. आणि या दोन्हींच्या जोडीला तिसरी गोष्ट हवी, ती म्हणजे निवडीची कारणे लिहून ठेवण्याची व ती दाखविण्याची सक्ती.

ही तिसरी गोष्ट आपल्या विद्यापीठांत सर्वांत दुबळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साहाय्यक प्राध्यापकाच्या निवडीसाठी अशी तरतूद आली की उमेदवाराचे शैक्षणिक गुण केवळ मुलाखतीस बोलाविण्यापुरते धरावेत, आणि निवड मुलाखतीवरच व्हावी. भाषाविभागांत याचा परिणाम काय होतो ते आपण सारे जाणतो. आमचे विभाग लहान असतात. मार्गदर्शक, परीक्षक, निवडसमितीतील तज्ज्ञ, नियतकालिकाचा संपादक, अभ्यासमंडळाचा सदस्य आणि पुरस्कारसमितीचा परीक्षक ही मोजकीच माणसे आलटून पालटून असतात. येथे भाचा असण्याची गरज नसते. शिष्य असले की पुरते. ‘आमच्या सरांचा विद्यार्थी’ ही ओळख जुन्या कचेरीतल्या उमेदवारीचेच नवे नाव आहे. आणि जुन्या कचेरीप्रमाणेच तिच्याही मागे खरी गरज असते : आपण शिकविलेल्या माणसाची तयारी आपल्याला ठाऊक असते, इतरांची नसते. म्हणून बहुतेक वेळा हे वाईट हेतूने होत नाही. चांगल्या हेतूने होते, आणि म्हणूनच थांबत नाही.

गुरुशिष्यपरंपरेचा हवाला येथे वारंवार दिला जातो. तो देणाऱ्यांनी तिरुवैयारुची परंपरा नीट पाहावी. गुरूने शिष्याला विद्या दिली. गायनाची जागा दिली नाही, ती शिष्याने श्रोत्यांपुढे मिळविली. विद्या देणे आणि जागा देणे ही कामे एकाच हाती आली की परंपरेचे वतन होते. यावर मार्ग अशक्य नाहीत. मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्याच्या निवडीत बसू नये. समितीवरील प्रत्येकाने उमेदवाराशी असलेले नाते आणि विद्यासंबंध लेखी सांगावा. प्रत्येक उमेदवाराविषयी, निवडलेल्याइतकेच न निवडलेल्याविषयीही, दोन ओळींचे का होईना कारण नोंदवावे आणि मागेल त्याला ते दाखवावे. नियतकालिकाने लेखकाचे नाव झाकून लेख परीक्षकाकडे द्यावा. यांतील एकही गोष्ट खर्चाची नाही. खर्च होतो तो भिडेचा, आणि मराठी विद्याक्षेत्रात भीड हे सर्वांत महाग नाणे आहे.

तंजावरच्या मराठीचा अभ्यास पुढे चालायचा तर या प्रश्नाला आणखी धार आहे. मोडी वाचू शकणारी माणसे थोडी, दफ्तरे अफाट. अशा वेळी ही विद्या दोनचार घरांत किंवा दोनचार विभागांत राहिली तर ती त्या घरांबरोबर आणि विभागांबरोबर संपेल. त्यागराजांच्या वहीला वालाजापेटच्या विणकराच्या मुलाचा हात लागला म्हणून ती उरली. आपल्या दफ्तरांना उद्या कोणाचा हात लागावा हे आपण आज ठरवीत आहोत. निदान तो हात कोणाचा आहे हे विचारण्याआधी त्याला मोडी वाचता येते का, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.